पाहुणे आले, पाणी द्या

हिवरखेडच्या नत्थुजीनं त्या सकाळी ठरवलं ते इतकंच, की वांग्यांना पाणी जरा उशिरा देऊ आणि थोडा वेळ शेताच्या धुऱ्यावर बसू. पुढचा सगळा घोटाळा या बसण्यातून झाला. कामातला माणूस खाली बघतो, बसलेला समोर बघतो, आणि नत्थुजीची खोड अशी, की समोर काही दिसलं की त्याला त्याच्या पलीकडचं बघावंसं वाटे. लहानपणी कोंबडी अंड्यांवर बसून काय करते ते बघायला तो शेजाऱ्याच्या खुराड्यात शिरला होता. (कोंबडीच्या बाजूनं बोलायचं, तर तिनं योग्य तेच केलं. नाकावरची खूण अजून आहे.)

समोर सातपुडा होता. तो रोजच असतो. पण त्या दिवशी नत्थुजीनं वांगी तोडणाऱ्या बायकोला विचारलं, "या पहाडाच्या मांगं काय असन?"

"मांगं काय असन," माणिकबाई म्हणाली. "मांगची बाजू."

"वाघ असन," नत्थुजी म्हणाला, आणि पहाडाकडं बघत राहिला.

त्या बघण्याला कारण होतं. गावातल्या पारावर प्रत्येकाजवळ एकेक वाघ होता. कोणाचा गोऱ्हा वाघानं नेला होता, कोणाच्या आजानं वाघाला तुराटीनं हाकललं होतं. एकाचा तर मेव्हणा वाघानं खाल्ला होता, आणि ते तो अशा तोऱ्यात सांगे की ऐकणाऱ्याला आपापले मेव्हणे आठवत. नत्थुजीजवळ फक्त वांगी होती. त्याची वांगी अकोटच्या बाजारात नावाजलेली होती, पण वांग्याची गोष्ट ऐकायला पारावर कोण थांबतो? हे त्याला मनापासून लागायचं. जन्म पहाडाच्या पायथ्याशी काढला आणि वाघ पाहिला नाही, म्हणजे गंगेच्या काठी राहून आंघोळ राहिली.

"मले वाघ पाहाचा हाय," तो म्हणाला.

माणिकबाईनं टोपली खाली ठेवली. "मलेई पाहाचा हाय. पण आधी वांग्याले पानी द्या."

त्या काळी नागपुरातून वऱ्हाडाचा कारभार चाले आणि जंगल सरकारी राखीव असे; तिथं कसं जायचं हे ठाऊक असलेला गावात एकच माणूस, शाळेचे वामनराव मास्तर. त्यांनी शाळेतला मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा आणून ओसरीत पसरला. नत्थुजी त्यावर ओणवा होऊन बराच वेळ काही शोधत राहिला.

"काय पायता?" मास्तरांनी विचारलं.

"वाघ कोठी हायेत याच्यात?"

"नकाशात वाघ नाही दाखवत, नत्थुजी."

"मंग हा नकाशा कायले पायजे?"

तरी त्यानं हिवरखेडवर अंगठा ठेवला आणि चिखलदऱ्यापर्यंत वीत टाकली. वीत पुरून वर बोटभर उरली. एवढंसंच अंतर, तर वाटेत नरनाळ्याचा किल्ला का सोडावा? नरनाळा झाला, तर गाविलगडानं काय घोडं मारलं? भीमानं कीचकाला जिथं लोळवलं तो दराही तिथंच, हे मास्तरांनी सांगितल्यावर माणिकबाईनं हात जोडून तोही आत घेतला. नकाशावर सगळं वितीच्या आत होतं. चढ-उताराची गोष्ट नकाशानं काढली नाही आणि मास्तरांनीही काढली नाही, कारण मास्तर स्वतः कधी गेले नव्हते.

मग माणिकबाईचं बोट सरकत सरकत अमरावतीवरून तिवश्यावर गेलं आणि तिथं अडकलं.

"इतकं फिराचं, अन मामाजीले नाई सांगाचं? रुसन थे."

तिचे मामा महादेवराव तिवश्याला असत, आणि रुसणं हा त्यांचा बारमाही धंदा होता. नत्थुजीच्या लग्नात त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायला उशीर झाला, म्हणून ते धुळीच्या पायांनी मांडवाच्या दारातून परत गेले होते. तेव्हापासून माणिकबाईच्या माहेरी एकही कार्य असं झालं नाही, की ज्यात त्या तांब्याचा विषय निघाला नाही. मामाजी हाच तिचा एक वडीलधारा माणूस उरला होता, आणि तो आपल्या घरचं पाणी पायांवर घेत नाही याचं तिला खरं दुःख होतं. तेव्हा मामाजींना निरोप गेला. ते मोटारीनं परतवाड्याला येणार, तिथून भाड्याची बैलगाडी करून घाटाखालच्या जंगलनाक्यावर यांना भेटणार, असं ठरलं.

नत्थुजी आणि माणिकबाई दमनी जुंपून निघाले. पुढं बैल, मागं वांग्यांची टोपली. नरनाळ्याला मोठी तोफ पाहिली. तोफेच्या पलीकडं काही नव्हतं, म्हणून नत्थुजीनं तिच्या तोंडात डोकं घालून आत पाहिलं. डोकं बाहेर आलं, फेटा आत राहिला. तो काठीनं ओढून काढेपर्यंत माणिकबाई दुसरीकडं बघत उभी होती, आपण या माणसाबरोबर आलेलो नाही असं दाखवत.

नाक्यावर गोवर्धन नाकेदार होता. जंगलखात्याचा हा शिपाई वामनराव मास्तरांच्या ओळखीचा, त्यामुळं उतरायला जागा मिळाली. नत्थुजीनं वांग्यांची टोपली पुढं करून पहिलाच प्रश्न केला, "वाघ कोठी दिसन?"

गोवर्धननं दोन्ही कानांवर हात ठेवले. "जंगलात त्याचं नाव नाई घ्याचं, नत्थुजी. नाव घेतलं का त्याले वाटते आपल्याले बोलावलं. मंग तो येते."

"मंग बरंच हाय. मी त्याच्यासाठीच तं आलो."

गोवर्धन जरा विचारात पडला. "सायेब लोकं येते तं बंदूक आनते. तुमच्यापाशी काय हाय?"

"वांगे हायेत."

"मंग नाव नका घेऊ. पाहुणे म्हना. पाहुणे पान्यावर आले, पाहुणे नाल्यानं गेले. आमी असंच म्हनतो."

नत्थुजीला ही रीत फार आवडली. दुपारभर त्यानं गोवर्धनला सोडलं नाही. पाहुणे जेवते कवा? पाहुण्याची मंडळी संगं रायते का येगळी? पाहुण्याले भाजीपाला चालतच नाई काय? पाहुणे फारच जवळ आले तर दाराला अडसर घालायचा आणि डबा वाजवायचा, हेही विचारून घेतलं. बदल्यात आपल्या शेताची, बैलांची, तोफेतल्या फेट्याची, सगळी हकीकत त्याला सांगितली. सांगायचं राहिलं ते एकच, की संध्याकाळी मामाजी येणार आहेत.

दिवस कलला तशी माणिकबाईनं नवऱ्याला धुतलेलं धोतर नेसायला लावलं आणि भरलेला तांब्या त्याच्या हाती दिला.

"आयका. मामाजी आले का पयले पानी. मंग रामराम. अन थे बसा म्हनेपर्यंत मान वर नाई कराची. या टायमाले चुकले तं माह्यं माहेर संपलं."

"नाई चुकत," नत्थुजी म्हणाला, आणि आत दाराशी तांब्या धरून बसला. मामाजींची एक खूण त्याला पक्की ठाऊक होती. चिलमीनं त्यांचा घसा गेलेला, बोलण्याआधी ते खोल गुरगुरल्यासारखा आवाज काढत.

अंधारून आलं. गोवर्धन दाराच्या फटीतून बाहेर बघत होता. एकदम तो ताठ झाला आणि हळूच म्हणाला, "पाहुणे आले. आंगनात हायेत."

गोवर्धननं धोतराचा सोगा धरेपर्यंत नत्थुजी बाहेर होता.

मान इतकी खाली, की आपल्याच पायांची बोटं दिसावीत; तांब्या पुढं. समोर कोणीतरी थांबल्याची चाहूल लागली तिथं त्यानं अर्धं पाणी ओतलं. "रामराम मामाजी. या, पाय धुवा."

उत्तर नाही.

"लय वाट पाहाले लावली."

उत्तर नाही. नत्थुजीनं तांब्या आणखी पुढं केला. "रागावले काय?"

समोरून खोल गुरगुर आली. घसा तर मामाजींचाच, पण आज फारच बसलेला. नत्थुजीला खरोखर काळजी वाटली.

"चिलीम वाढलेली दिसते तुमची. औसद घेत जा." त्यानं उरलेलं पाणीही ओतलं. "लग्नातलं मनात असन तं सोडून द्या. आमी लहान लोकं. तुमी एकडाव पाय धुतले का आमी दोघंई मोकये झालो. ती रडते जी, तुमच्यापायी."

गुरगुर थांबली. आपलं बोलणं लागू पडलं असं समजून नत्थुजीनं शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "माणिकनं तुमच्यासाठी भरलं वांगं केलं. आमच्या मयातलं."

त्यावर कोणीतरी जोरानं फुरफुरलं, पाचोळा वाजला, आणि अंगण शांत झालं. नत्थुजी मान दुखेपर्यंत तसाच उभा राहिला. शेवटी त्यानं भीत भीत वर पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं.

दार आतून लावलेलं होतं. ते उघडलं तेव्हा गोवर्धन घामानं भिजलेला होता आणि माणिकबाई भिंतीला टेकून खाली बसली होती.

"रुसले," नत्थुजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक सबूद नाई बोलले. पाय न धुताच गेले."

"कोन?"

"तुये मामाजी."

माणिकबाईनं दोनदा तोंड उघडलं, तेव्हा एकदा आवाज आला. "अवो, तो वाघ होता."

गोवर्धननं या वेळी कानांवर हातसुद्धा ठेवले नाहीत.

नत्थुजी जमिनीवरच बसला. पण थोड्या वेळानं त्यानं विचारलं ते वेगळंच. "तू पाहला?"

"पाहला."

"कसा होता?"

"लय सुंदर," माणिकबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "खिडकीतल्या कंदिलाच्या उजेडात पिवया धम्मक. तुमच्या तोंडापुढं त्याचं तोंड होतं. तुमी बोलत होते अन तो मान वाकडी करून आयकत होता."

नत्थुजीला भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा वाईट फार वाटलं. ज्यानं विती टाकल्या, दमनी जुंपली, त्यानंच तेवढा पाहिला नाही. बायकोनं पाहिला, गोवर्धननं पाहिला, आणि आपण वाघासमोर उभं राहून जमीन पाहत होतो.

तो असा सुन्न बसला असताना खिडकीशी गेलेली माणिकबाई हर्षानं म्हणाली, "पाहुणे आले बाई, आता खरे."

नत्थुजीनं पहिले दोन शब्द ऐकले. पुढचे ऐकायला तो जागेवर नव्हता. त्यानं दाराला अडसर घातला, रॉकेलचा रिकामा डबा घेतला आणि असा बडवायला लागला, की गोवर्धन काय ओरडतो तेही कोणाला कळेना. बाहेरून गुरगुर आली.

"गुरगुरून राहिला," नत्थुजी म्हणाला, आणि आणखी जोरात वाजवू लागला.

"नत्थुजी," बाहेरून आवाज आला. "दार लावलं काहून?"

माणिकबाईनं नवऱ्याच्या हातून डबा ओढून घेतला. "वाघ नाव घेऊन हाक मारते काय?"

दार उघडलं. दारात महादेवराव मामाजी उभे होते, पायांवर परतवाड्यापासूनची धूळ. त्यांना सगळी हकीकत सांगावी लागली, कारण रिकामा तांब्या अंगणात पडलेला होता आणि तो कोणासाठी रिकामा झाला हे लपवण्यासारखं नव्हतं. मामाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "वाघाले तांब्या, अन मले अडसर."

सकाळी उजेडात पाहिलं तर ओतलेल्या पाण्याच्या चिखलात एक मोठा पंजा उमटला होता. नत्थुजी त्याच्याजवळ बसला. त्यावर वीत ठेवून पाहिली, बोटांच्या खुणा निरखल्या, वाकून वासही घेतला. सगळा वाघ नाही, पण एवढा तरी आपल्या वाट्याला आला, म्हणून तो मनात सुखावला. मामाजी मागं येऊन उभे राहिले.

"यानं तं धुतले," ते म्हणाले. "मी अजून उभाच हावो."

तेव्हा माणिकबाई धावत तांब्या भरून घेऊन आली आणि तिनं स्वतः मामाजींचे पाय धुतले. मामाजींनी धुवू दिले. त्यांना आता रुसायला जमेना. ही गोष्ट लोकांना सांगायची तर ज्याच्या घरची गोष्ट त्याच्याशी बोलणं ठेवायला हवं, हे त्यांनी रात्रीच ओळखलं असावं. गाविलगड, कीचकाचा दरा, सगळं बघून ते तिवश्याला न जाता दमनीत बसून थेट हिवरखेडला आले.

पारावर गर्दी झाली. मेव्हणा गमावलेला गृहस्थ आज मागं बसला होता. आजवर वाघ पाहिलेले पुष्कळ होते, वाघाला औषध घ्यायला सांगितलेला एकच. नत्थुजीनं फेटा नीट केला. जन्मभर ज्या जागेची वाट पाहिली, ती आज मिळाली होती.

"पण नत्थुजी," कोणीतरी विचारलं, "वाघानं तुमाले सोडलं कसं?"

नत्थुजी उत्तर जुळवत होता, तोवर मामाजींनी घसा साफ केला. पुढची रांग जराशी मागं सरकली.

"नाव घेतलं का तो येते, हे गोवर्धननं सांगतलं," मामाजी म्हणाले. "कायचं नाव घेतलं का तो जाते, थे मी सांगतो. याच्या वांग्याचं."

त्या आठवड्यापासून अकोटच्या बाजारात नत्थुजीच्या टोपलीशी गिऱ्हाईक थांबतं, एखादं वांगं उचलून उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, "वाघानं नाई खाल्ले, थे वांगे हेच काय जी?"