मेल्यावर जेवायला काय?

गाणं कोणतं हवं?

चर्चच्या तळघरात जमलेल्या नूर्डालकरांनी या प्रश्नावर आपापल्या कॉफीच्या कपात पाहिलं. मिल्टन ओवरबींना त्याचं काही वाटलं नाही. 'आपल्या अंत्यविधीची सोय आपणच आधी करून ठेवा' ही योजना कशी चालवायची, हे मिनेसोटापासून नेब्रास्कापर्यंतच्या अंत्यविधीगृहांना शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पहिल्या प्रश्नाला कुणीच तोंड उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्याबद्दल चार शब्द कुणी बोलावेत?

आणखी कॉफी.

बरं, नंतर जेवायला काय?

हा त्यांचा हुकमी एक्का. शवपेटीचं नाव काढलं की माणूस मिटतो, पण जेवणाचा विषय निघाला की फुलतो, असा त्यांचा अनुभव होता. तो इथेही खरा ठरला. मागच्या रांगेतून ऑर्डेल फॉस उठला. निवृत्त दूधवाला, गावात सर्वांत कमी बोलणारा.

"काहीही चालेल," ऑर्डेल म्हणाला. "फक्त अर्लिसचं ते हिरवं सॅलड नको."

ओवरबी मनापासून हसले. हसणारे ते एकटेच होते.

कारण गावातल्या प्रत्येक अंत्यविधीच्या जेवणाला ते सॅलड करणारी अर्लिस ब्राटेन किटली घेऊन ऑर्डेलच्या बरोबर मागे उभी होती. तिनं त्याचा कप काठोकाठ भरला आणि शांतपणे विचारलं, "दूध घालू?"

यात बिघडलं काय?

हा प्रश्न ओवरबींनी बाहेर गाडीत ज्योलीन ट्वेटला विचारला. गावातलं अंत्यविधीगृह ज्योलीनचं. तिच्या आजोबांनी काढलेलं. निम्मी गिऱ्हाइकं शहरातल्या मोठ्या कंपनीनं पळवली होती. बर्फ पडायच्या आत योजनेला माणसं मिळाली नाहीत, तर त्याच कंपनीला गृह विकायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. म्हणून तर तिनं ओवरबींना बोलावलं होतं.

"तिनं त्याला दूध विचारलं," ज्योलीन म्हणाली.

"मग?"

"जन्मभर तो कॉफी काळी पितो. तिला ते माहीत आहे. मिल्टन, याहून मोठं भांडण या गावात मी पाहिलेलं नाही."

"पण त्या सॅलडमध्ये असतं तरी काय?"

ज्योलीननं गाडी सुरू केली. "हिरवी गोड जेली. गाजराचा कीस. कॉटेज चीज." तिनं गिअर टाकला. "आणि डब्यातली कोलंबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्लिसचा फोन आला. शनिवारी म्हाताऱ्या सेल्मरचा अंत्यविधी होता, त्याच्या जेवणाला ती येणार नव्हती. राग वगैरे काही नाही, लोकांना नवीन काहीतरी हवं असेल, एवढंच. मग चर्चच्या महिला मंडळातल्या बाकीच्या बायकांचे फोन आले. एकीचा गुडघा, एकीची सून, एकीचं कुत्रं. राग कुणालाच नव्हता.

"जेवण बाहेरून मागवू," ओवरबी म्हणाले.

ज्योलीननं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ओवरबींनी टाय सैल केला. "इथे माणूस पुरला म्हणजे झालं असं नसतं," ती म्हणाली. "तळघरात बसून त्याच्या नावानं कॉफी प्यायली, मंडळाच्या हातचं खाल्लं, की मग तो गेला. सेल्मरला तसाच अर्धवट ठेवला, तर उद्या माझ्याकडे कोण येईल?"

माफी कशी मागतात?

ओवरबी ऑर्डेलच्या दारात गेले.

"मेल्यावर खाणार नाही म्हणालो," ऑर्डेल म्हणाला. "जिवंतपणी खातोच आहे की."

"तरी जाऊन या. ज्योलीनसाठी."

ऑर्डेल टोपी घालून गेला आणि बऱ्याच वेळानं परतला. ओवरबी त्याच्या पायरीवरच बसून होते.

"मागितली माफी?"

"मागितली."

"काय म्हणालात?"

"म्हणालो, छप्पर चांगलं टिकलंय तुझं."

"आणि ती?"

"म्हणाली, हो, टिकलंय."

"पुढे?"

"पुढे काय? घरी आलो."

ही माफी पोचली की नाही, हे ठरवण्याचं कुठलंही साधन ओवरबींजवळ नव्हतं. तेव्हा त्यांनी आपली विद्या बाहेर काढली. किराणा दुकानात, पोस्टात आणि चर्चच्या पायऱ्यांवर ते ज्याला त्याला सहज म्हणाले, "ऑर्डेलनं आपली आवड सांगितली, तो त्याचा हक्क आहे. कुणाला अर्लिसचं सॅलड हवं असेल, तर त्यानंही आत्ताच सांगून ठेवावं. योजनेत तशी सोय आहे."

अंत्यविधीगृहात पहिल्या आल्या पाळकांच्या बाई. त्यांनी पेटी निवडली, गाणं निवडलं, आणि दार लोटून घेत म्हणाल्या, "जेवणात अर्लिसचं सॅलड. लहान वाडगा."

त्या बाहेर पडताना समोरच्या न्हाव्यानं त्यांना पाहिलं. पाळकांच्या बाईंनी सांगितलं आणि आपण नाही सांगितलं, तर आपण ऑर्डेलच्या बाजूचे ठरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. दुकानाला कुलूप लावून तो आला. मग न्हाव्याचं गिऱ्हाईक आलं, अर्ध्या कापलेल्या केसांनिशी. दुपारपर्यंत ज्योलीनच्या दारात गाड्या लावायला जागा राहिली नाही. नूर्डालमध्ये जो तो मरणाची सोय करत होता आणि जो तो कोलंबीची जेली मागत होता.

ओवरबींना मात्र आता वेगळंच कुतूहल लागलं होतं. ते प्रत्येकाला हळूच विचारत, "तुम्हाला आवडतं?"

"वेगळं असतं," न्हावी म्हणाला.

"मला झेपत नाही," पोस्टमास्तर म्हणाला, "पण बाकीच्यांना फार आवडतं ना. लोकांचा विरस कशाला?"

या बाकीच्यांपैकी एक तरी सापडावा म्हणून ओवरबी दिवे लागेपर्यंत विचारत राहिले. सापडला नाही. सर्वांत शेवटी ऑर्डेल आला.

"माझ्याही जेवणात ठेवा," तो म्हणाला.

"पण तुम्हीच तर..."

"मी कुठे असणार आहे खायला?"

शनिवारी अर्लिस आली. तिच्यामागून गुडघा आला, सून आली, कुत्रंही बरं झालं. सेल्मर व्यवस्थित गेला. सॅलडचा वाडगा रिकामा झाला आणि कचऱ्यात कागदी रुमालांच्या पुरचुंड्या नेहमीपेक्षा जास्त निघाल्या. ओवरबींनी एक चमचा तोंडात घातला, चावणं थांबवलं आणि बराच वेळ तळघराच्या छताजवळच्या खिडकीतून दिसणाऱ्या मक्याच्या शेंड्यांकडे पाहत राहिले.

"कसं आहे?" अर्लिसनं विचारलं.

"वेगळं आहे," ओवरबी म्हणाले. आता तेही नूर्डालचे झाले होते.

तुमच्यासाठी काय?

सोमवारी अर्लिस स्वतःच अंत्यविधीगृहात आली. अंगात चर्चला घालायचा चांगला कोट. गाणं तिनं ताबडतोब सांगितलं. बोलायला कुणी नको, लोकांचा वेळ जातो.

"आणि जेवायला, मिसेस ब्राटेन?" ओवरबींनी विचारलं.

"हॅम सँडविच. लोणच्याची काकडी."

"सॅलड?"

"नको रे बाबा."

ज्योलीनचं लिहिणं थांबलं. अर्लिसनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"माझ्या सासूचं ते. त्या गेल्या तेव्हा त्यांचा मान म्हणून एकदा केलं. वाटलं, त्यांच्याबरोबर तेही संपलं. तर वाडगा चाटूनपुसून परत आला, आणि जो तो येऊन सांगतोय, वेगळं आहे, वेगळं आहे. म्हटलं, एवढं आवडतंय तर करू. पुढे थांबायचं कसं? लोकांचं मन मोडवत नाही. त्या दिवशी ऑर्डेलनं तोंड उघडलं, तर मला वाटलं, सुटले. पण त्याच्यामागे ही रांग लागली."

"मग आपण सगळ्यांना सांगू या," ओवरबी पुढे सरकले. "म्हणजे त्यांचंही..."

"अजिबात नाही. हौसेनं मागितलंय त्यांनी." अर्लिस ज्योलीनकडे वळली. "पण पंचाईत वेगळीच आहे. यातली निम्मी माणसं माझ्यामागे उरणार. त्यांचं कोण करणार?"

"मंडळ?" ज्योलीन म्हणाली.

"मंडळातल्या बायका माझ्याहून म्हाताऱ्या. आणि शब्द मंडळानं नाही दिला, तू दिलायस."

ज्योलीननं मदतीसाठी ओवरबींकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या अनुभवी सल्लागाराला नेमका त्याच वेळी मोटारीत काहीतरी राहिल्याचं आठवलं.

त्याच दुपारी ज्योलीन चर्चच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. जेली अर्धवट धरली की गाजर, मग चीज, कोलंबी शेवटी, असा क्रम अर्लिसनं समजावला. ज्योलीननं सगळं सांगितल्याप्रमाणे ढवळलं, वास घेतला, जमलंय का पाहावं म्हणून चमचा तोंडाकडे नेला.

अर्लिसनं तिचा हात धरला.

"चाखू नकोस," ती म्हणाली. "चाखलंस तर करवणार नाही."