रोज दोन सेकंद पुढे

माझ्या मनगटावर वडिलांचं किल्लीचं घड्याळ आहे आणि ते अचूक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुमचं मत बदलेल. माझं बदललेलं नाही.

हेडक्लार्कच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, सकाळी अकराला. (एकवीस वर्षांत पहिल्यांदाच नंबर लागला होता.) आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, उद्या तरी फोन बघून निघा. त्या डबड्याच्या भरवशावर राहू नका."

डबडं म्हणे! मला मनापासून राग आला. मी तिथल्या तिथे फोनवर एक अ‍ॅप उतरवून घेतलं. घड्याळ फोनच्या माइकला टेकवून ठेवायचं. अ‍ॅप टिकटिक ऐकतं आणि ते दिवसाला किती सेकंद पुढे पळतं किंवा मागे रेंगाळतं ते सांगतं. म्हटलं, आता पुराव्यानिशीच बोलू.

अट एकच, शांतता. मी पंखा, टीव्ही, फ्रिज सगळं बंद केलं. पहिला आकडा आला : दिवसाला सहा तास पुढे. मग कळलं, आत आई खलबत्त्यात वेलची कुटत होती.

"आई, जरा थांब गं."

"थांबले. पण खोकला आला तर?"

"गिळ."

"खोकला कुणी गिळतं का रे?"

अर्धा तास घरातली माणसं चवड्यांवर चालत होती आणि मी स्क्रीनला डोळे लावून बसलो होतो. शेवटी आकडा स्थिरावला : दिवसाला दोन सेकंद पुढे. फक्त दोन. मी फोन बायकोच्या नाकासमोर धरला. ती फ्रिज चालू करायला गेली.

दुसऱ्या दिवशी ताठ मानेने साहेबांच्या खोलीत शिरलो. माझ्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

"आठ मिनिटं उशीर," साहेब म्हणाले.

"शक्यच नाही." मी अ‍ॅप उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "दिवसाला दोन सेकंद. तुमचं भिंतीवरचं घड्याळ कधी तपासलंय का कुणी?"

साहेबांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय लिहिलंय?"

अकरा वाजून नऊ मिनिटं. (काल अर्धा तास मी त्याच स्क्रीनकडे बघत होतो. कोपऱ्याकडे कोण बघतो?)

मग आठवलं. रविवारी किल्ली द्यायला विसरलो होतो, घड्याळ बंद पडलं होतं आणि मी ते अंदाजाने लावलं होतं. दहा मिनिटं मागे. तेव्हापासून बिचारं तिथून पुढे अगदी बिनचूक चाललं होतं.

तरी मी हार मानली नाही. "साहेब, वेळ मी चुकीची लावली. यात घड्याळाचा काय दोष?"

"काहीच नाही," साहेब म्हणाले. "त्याची मुलाखत घेतो आम्ही. तुम्ही या."

घरी आल्यावर सगळं ऐकून बायकोने घड्याळ हातात घेतलं. "आणा, दहा मिनिटं पुढे करून देते."

"काट्याला हात लावायचा नाही," मी बजावलं. "रोज दोन सेकंद पुढे जातंय. तीनशे दिवसांत स्वतःच्या हिमतीवर जगाला गाठेल."

तिने बोटांवर हिशोब केला आणि घड्याळ माझ्या हातात परत ठेवलं. "पुढची मुलाखत वर्षाने ना? मग राहू दे. तेव्हा तुम्ही दोन मिनिटं आधी पोचाल. जन्मात पहिल्यांदा."