काळ्या पडद्याच्या राज्याचे वर्तमान

ज्या देवाने डोळे दिले त्यास नमस्कार, आणि ज्याने नेले त्यासही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीचे हे वर्तमान. धाकट्या जाऊबाई कुमुदिनीबाईसाहेब यांची आज्ञा जाहली की, "अक्का, जे केलंत ते तुमच्याच हातानं लिहून द्या." त्यावरून काही न झाकता लिहिते.

बाईंची दृष्टी साठाव्या वर्षी गेली, आणि मग त्यांनी एक राज्य संपादिले. राज्य म्हणजे वहीएवढा लॅपटॉप, आत एकेका जीबीची बत्तीसच कोठारे. जुना कारभारी, म्हणजे यंत्र चालविणारी प्रणाली, पोटाने मोठा, बहुतेक कोठारे आपणच अडवून बसे. त्यास निरोप दिला आणि लिनक्स नामे अल्पाहारी कारभारी नेमिला, आणि चित्रे, गालिचे, शोभेचा सरंजाम हद्दपार केला, आणि एक वाचणारा चाकर ठेविला, तो लिहिलेले अक्षर न् अक्षर इयरफोनमधून बाईंच्या कानी घाली. मग बाईंनी आमचे धरणात बुडालेले सासरचे गाव लिहावयास घेतले, कोणाचा उंबरा कोठे, कोणते वळण कोणाच्या गोठ्यापाशी, ऐसे तीन वर्षे.

आम्हांस दिसे ते इतकेच की, पडदा काळा ठिक्कर आणि बाई बोटे चालवीत आहेत आणि मध्येच हसत आहेत. मी समजले, यंत्र मेले आणि हिला ते कळत नाही. स्वयंपाकघरात मुलीस म्हणाले, "काकूची भातुकली चाललीय, चालू दे." मग बाई म्हणाल्या, "अक्का, बाजारातून एक मेमरी कार्ड आणा, नक्कल काढून ठेवते." मी दुकानापुढून तशीच परतले आणि सांगितले, "संपलंय गं." यासच मी दया म्हणत होते.

मग एके गुरुवारी बाई दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि दारी भंगारवाला आला, आणि मी राज्य उचलून त्याच्या पोत्यात घातले.

बाई परतल्या आणि टेबल चाचपू लागल्या. "माझा लॅपटॉप?"

"कुमुद, तो केव्हाच मेला होता गं. उजेडसुद्धा पडत नव्हता."

बाई टेबलावरून हात फिरवीत बोलल्या, "उजेड मी विझवला होता, अक्का. मला कशाला उजेड? बॅटरी जास्त पुरते." आणि मग, "तीन वर्षांत एकदा विचारायचं होतं."

आठ दिवस भंगाराची दुकाने धुंडाळिली. राज्य हाती लागले नाही.

पुढे भंगारवाला दुसऱ्या वस्तीत गेला, त्याचा दोष नाही. मुलगी सासरी सुखरूप आहे, काकूस फोन करिते, मजशी थोडके बोलते. बाईंनी तैसेच दुसरे लहान राज्य मिळविले आणि पहिल्या उंबऱ्यापासून पुन्हा आरंभ केला. आज एकेचाळीस घरे जाहली. मी कार्ड आणून दिले, ते त्यांनी बोटांनी चाचपून राज्यात बसविले. मी शेजारी बसते; डोळे शाबूत असून विहिरीच्या पायऱ्या कोणत्या अंगास होत्या ते मज स्मरत नाही, त्यांस स्मरते.

हे वर्तमानही त्याच राज्यात दाखल होईल. बाई म्हणाल्या, "हे वाचताना इयरफोन काढून ठेवीन, तुम्हीही ऐका." चाकराच्या आवाजात राग नाही आणि दयाही नाही. मी समोर बसून ऐकेन.