बोर्निओच्या लाकडावरची अंघोळ

रविवारी सकाळी ललित गांगुर्डे सरांनी कित्येक दिवसांनी मनासारखी अंघोळ केली. नाशिकची डिसेंबरातली थंडी, आणि त्यात बंबाचं कडकडीत पाणी. न्हाणीत वाफ अशी कोंडली होती, की सरांना आपलेच गुडघे दिसेनात. एरवी गप्प अंघोळ करणारे सर त्या दिवशी चक्क गुणगुणले. बाहेर येऊन टॉवेलनं डोकं पुसत ते म्हणाले, "आई, आज पाणी काय तापलंय! रोज असं का गं तापत नाही?"

मागच्या दारी बंबापाशी शेकत बसलेल्या चांगुणाबाईंना बरं वाटलं. मुलानं पाण्याचं कौतुक करावं असं रोज थोडंच होतं?

"लाकूड चांगलं व्हतं ना," त्या म्हणाल्या. "केरूनं धाडलेलं. काल सांजच्याला माणूस देऊन गेला. वाळकं खडंग. काडी लावली न लावली की धडाडून पेटलं."

यात वावगं काही नव्हतं. केरू म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. पिंपळगाव बसवंतला घरची द्राक्षबाग तोच बघायचा. छाटणीच्या काड्या, काढून टाकलेल्या वेलींची खोडं असं काहीबाही तो दर हिवाळ्यात टेम्पोत घालून भावाच्या बंबासाठी पाठवायचा. सर मान डोलावून आत निघाले होते, तेवढ्यात चांगुणाबाई स्वतःशीच पुटपुटल्या,

"पण यंदा केरूला काय झालं, देव जाणे. एवढंसं जळण, ते खोक्यात घातलेलं. वर कागद गुंडाळलेला. त्याच्यावर आणखी ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. नवरी सजवावी तसं लाकूड सजवलं बाई!"

सरांचा टॉवेल डोक्यावरच थांबला.

"खोकं? कसलं खोकं?"

"ते काय कोपऱ्यात. चांगलं मजबूत हाय, लसूण ठेवायला होईल म्हटलं. वर मासा काढलाय. मला वाटलं, केरूच्या मालाचा मार्का आसंल. आता तो परदेशात द्राक्षं पाठवतो, त्याला भारी पॅकिंगची सवय लागली."

सर अनवाणीच कोपऱ्यात धावले. खोक्यावर निळा मासा होता, इंग्रजीत त्यांचं स्वतःचं नाव होतं, पत्ता होता, आणि 'सांभाळून हाताळा' अशी लाल अक्षरांतली विनंतीही होती.

"आई," सर ओरडले, "ते बोर्निओचं लाकूड होतं!"

"कुणाचं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

आता बोर्निओचं लाकूड गंगापूर रोडजवळच्या या घरात कशाला येत होतं, हे सांगायला हवं.

सर एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत. घर बदलताना एका पालकांनी आपली काचेची माशांची पेटी वर्गाला दिली. सरांनी ती खिडकीपाशी मांडली, वाळू धुऊन घातली आणि दुकानातून एक मासा आणला. बोटाएवढा, करड्या रंगाचा आणि भरघोस मिशांचा. त्या मिशा बघून मुलांनी त्याचं नाव ठेवलं, झुंबरशेठ.

झुंबरशेठ मात्र फार लाजाळू निघाला. दिवसभर तो पाणी गाळणाऱ्या नळीच्या मागे अंग चोरून बसे. कुणी बघतंय म्हटलं की दाण्याला तोंड लावत नसे. आणि वर्गातली सगळी पोरं तर सदा बघतच असत. बघता बघता तो वाळायला लागला. मुलांचं सकाळचं नमस्ते बंद झालं, त्याऐवजी दारातूनच प्रश्न येई, "सर, झुंबरशेठ जेवला का?"

दुकानदार म्हणाला, "त्याला लपायला जागा पाहिजे, सर. ही कवटी घेऊन जा. आतून लाल दिवा लागतो."

"कवटीत कुणाला अन्न गोड लागेल?" असं म्हणून सर परत आले. त्यांना पाहिजे होतं खरं मूळ, नदीच्या तळाशी पडलेलं, वेडंवाकडं, भोकाभोकांचं. ते इंटरनेटवर मिळतं असं समजल्यावर ते आपला जुना विद्यार्थी सनी याच्या सायबर कॅफेत गेले. तिथं एका साइटवर मूळ सापडलं. खाली लिहिलं होतं, 'बोर्निओच्या घनदाट जंगलातल्या नदीतून.' सरांचा भूगोल आवडता, तेव्हा पुढे काही विचारायलाच नको.

"सर, इथं दाबा," सनी म्हणाला. "पण एकदाच हं. चाक फिरत राहील. फिरू द्यायचं. नुसतं थांबायचं."

पेरलेला हरभरा उगवला का म्हणून रोज उकरून बघणाऱ्या मुलांना सर दर वर्षी थांबण्याचं महत्त्व पटवून देत आलेले. पण पडद्यावरचं ते चाक काही केल्या थांबता थांबेना. सनी दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळलेला बघून सरांनी हळूच आणखी एकदा बटण दाबलं. मग हात मांडीवर ठेवून ते शहाण्यासारखे बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तिसरीच्या वर्गात बोर्निओशिवाय विषय नव्हता. सरांनी नकाशा लावला. राखी नावाच्या चुणचुणीत मुलीनं बोर्निओवर खडूचा ठिपका दिला. पावसात झाड कसं कोसळतं, पुरात कसं वाहतं, मासे त्याच्या ढोलीत संसार कसा थाटतात, सगळं सांगून झालं. "सोमवारी झुंबरशेठचा गृहप्रवेश," असं सरांनी जाहीर केलं. सरांच्या वर्गात नियम एकच होता. खोटं बोलायचं नाही, मुलांनी नाही आणि सरांनीही नाही.

आणि आता त्या गृहप्रवेशाचं घर सरांच्या अंघोळीत खर्ची पडलं होतं.

सरांनी चिमट्यानं बंबातली राख उकरली. करंगळीएवढा एक काळा तुकडा मिळाला. मग त्यांनी केरूला फोन लावला, आईलाही ऐकू जाईल असा.

"मी कुठं धाडलं लाकूड, दादा?" केरू म्हणाला. "टेम्पो तर गॅरेजला पडलाय."

"ऐकलंस, आई?"

"त्यानं नसंल धाडलं, दुसऱ्या कुणी धाडलं आसंल," चांगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. "पण लाकूड द्राक्षाचंच व्हतं. जलम गेला माझा ते जाळण्यात. वास वळखत नाय व्हय मी?"

"अगं, बोर्निओच्या जंगलात द्राक्षाच्या बागा कुठून येतील?"

"ते मला काय ठावं? जळालं ते द्राक्ष जळालं."

चहा घेऊन आलेल्या सविताताई दारातच उभ्या राहिल्या. सासूबाईंचं ऐकून त्यांना हसू येत होतं आणि नवऱ्याचं तोंड बघून ते बाहेर काढायची सोय नव्हती.

"अहो, मग द्राक्षाचंच एखादं खोड नेऊन ठेवा की," त्या म्हणाल्या. "त्या माशाला काय कळतंय बोर्निओ का बसवंत?"

"माशाला नाही कळणार. पण पोरांना?"

"पोरांना सांगा खरं काय ते. आईंनी जाळलं म्हणावं."

"हां, सांग की," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन् तू त्याच्यावर अंगूळ केली, ते बी सांग."

केरू अजून फोनवरच होता. तो म्हणाला, "दादा, बागेतलं खोड नको हां. त्याच्यावर लय औषधं मारलेली असतात. सालीत मोरचूद बसलेला असतो, निळा. मासा जागेवर आडवा होईल. आपल्या विहिरीवर वडलांनी लावलेला जुना वेल हाय ना, त्याला कधी औषध दाखवलेलं नाय. त्याचं वाळकं खोड काढून ठेवतो. ये घेऊन जा."

दुपारच्या एस.टी.नं सर पिंपळगावला गेले आणि संध्याकाळच्या एस.टी.नं मांडीवर खोड घेऊन परतले. खोड होतं मात्र देखणं. तीन ठिकाणी पीळ पडलेलं, मधे आरपार ढोली.

"काय सर," कंडक्टरनं विचारलं, "याचं हाफ तिकीट फाडू का फुल?"

"अजून पाच वर्षांचं झालं नाही," सर म्हणाले. त्यांना जरा बरं वाटायला लागलं होतं.

घरी आल्यावर खोड ब्रशनं घासलं. मग ते उकळायला हवं होतं, म्हणजे आतली कीड मरते आणि रंग निघतो. एवढं मोठं भांडं घरात एकच, सविताताईंच्या माहेरून आलेलं पितळी पातेलं. ते द्यायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी शेजारून जर्मनचं पातेलं आणून मागच्या दारी चुलीवर चढवलं. पाण्याला उकळी फुटली, खोड त्यात डुचमळायला लागलं आणि पाणी हळूहळू चहासारखं झालं.

चांगुणाबाई बाजूला बसून बघत होत्या. "सकाळी मी द्राक्षाचं लाकूड जाळलं म्हणून बोंब मारत व्हतास. आता सोताच द्राक्षाचं लाकूड शिजवतोस. मीठ घालू का?"

सोमवारी सर वर्गात शिरले तर फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलेलं, 'बोर्निओच्या मुळाचे हार्दिक स्वागत.' खाली प्रत्येकानं एकेक मूळ काढलं होतं. एकाच्या मुळाला दार होतं, एकाच्याला खिडकी. राखीनं तर मुळावर टीव्हीची छत्रीही लावली होती. सरांनी पिशवीतून खोड काढताच टाळ्यांचा कडकडाट झाला. ते ऐकून मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाई दारात आल्या.

"वा, गांगुर्डे सर! हेच का ते परदेशचं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. सरांनी खिशातून तो करंगळीएवढा कोळसा काढला.

"नाही, बाई. परदेशचं ते हे. हे खोड आमच्या विहिरीवरच्या द्राक्षवेलाचं आहे, पिंपळगावचं."

मग सरांनी सगळं सांगितलं. पार्सल आलं, आजींना ते जळण वाटलं, बंब पेटला. अंघोळीपर्यंत आल्यावर ते जरा अडखळले, पण तेही त्यांनी सांगितलं. गुणगुणलो हेसुद्धा.

मग राखीचा हात वर गेला.

"सर, पाणी छान तापलं होतं का?"

"फारच छान," सर म्हणाले.

वर्ग असा हसत सुटला, की ज्योत्स्नाबाईंना पदर तोंडाला लावून दाराआड व्हावं लागलं. राखी उठली, फळ्यावरचं 'बोर्निओ' पुसून तिनं 'पिंपळगाव' लिहिलं. कोळशाचा तुकडा बाकाबाकांवरून फिरला आणि सगळ्यांची बोटं काळी करून परत आला.

मूळ पाण्यात सोडलं, तर ते होडीसारखं तरंगायला लागलं. परत हशा! मैदानातला एक दगड धुऊन आणला, त्याला मूळ दोऱ्यानं बांधलं, तेव्हा कुठे ते तळाला बसलं. "आता कुणी पेटीकडे बघायचं नाही," सर म्हणाले. सगळी मुलं पाठ करून पाढे म्हणायला लागली. सोळाचा पाढा चालू असताना एकानं चोरून मान वळवली आणि ओरडला, "सर, मिशा!"

ढोलीतून दोन मिशा बाहेर आल्या होत्या. झुंबरशेठनं इकडेतिकडे बघितलं, दारात पडलेला दाणा उचलला आणि आत जाऊन शांतपणे खाल्ला. त्या दिवशी तिसरीचा पुढचा पाढा झाला नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी कुरिअरवाला पुन्हा दारात उभा राहिला. तेच खोकं, तोच निळा मासा. केरू बाजाराच्या कामानं आला होता, तो ओट्यावर चहा पीत होता.

"हे कुणी मागवलं?" सविताताईंनी विचारलं.

सरांना ते फिरणारं चाक आठवलं, आणि आपण हळूच दुसऱ्यांदा दाबलेलं ते बटणही. त्यांनी कागद सोडवला, फुग्यांचं प्लास्टिक काढलं आणि लाकूड उजेडात धरलं. केरूनं बशी खाली ठेवली.

"बघू दे, दादा." त्यानं खोड फिरवलं. एका बेचक्यात गंजकी तार सालीत रुतून बसली होती. बागेत वेल बांधायची असते तशीच, पिळाची. नखानं साल खरवडली, तर आतून निळी भुकटी निघाली.

"मोरचूद," केरू म्हणाला. "दादा, हे जंगलातलं नाय. कुठल्या तरी बागेतलं काढून टाकलेलं खोड हाय. हे पाण्यात ठेवलं असतंस तर तुझा मासा त्याच दिवशी गेला असता."

सर सावकाश मागच्या दारी वळले. चांगुणाबाई बंबापाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आई, ऐकलंस का? तू म्हणत होतीस तेच..."

"मला काय सांगतोस? मी त्याच दिवशी सांगितलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी हेही वर्गात सांगितलं, तार आणि मोरचूद दाखवून. बटण दोनदा दाबल्याचं सांगताना त्यांनी हरभऱ्याची आठवण स्वतःच काढली, म्हणजे मुलांनी काढायला नको. राखी म्हणाली, "मग सर, आजींचं उत्तर बरोबर होतं. आणि झुंबरशेठ आजींमुळे वाचला." सगळ्या वर्गानं उभं राहून आजींसाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या घरी पोचवायचं काम सरांवर सोपवलं.

सरांनी घरी येऊन मागच्या दारी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. हसू मात्र त्यांना लपवता आलं नाही. मग त्यांनी शाळेतून परत आलेलं ते दुसरं खोड उचललं, तार उपटून काढली आणि बंबाशेजारी सकाळसाठी रचून ठेवलं.

"एक काम कर, ललित," त्या म्हणाल्या. "त्या कम्प्युटरवाल्याकडून आणखी मागव. थंडी अजून लय हाय. आन् या बारीला बटण चांगलं चार डाव दाब."