गोगलगायीला हसू हवं

"गोगलगायीला हसू पाहिजे," संपादक फोनवर म्हणाले.

"तिला ओठ नसतात," किडेबाई म्हणाल्या.

"मग काढा की! ब्रश तुमच्याच हातात आहे."

किडेबाईंचं खरं नाव मुखपृष्ठावर छापलेलं असे, पण ते कुणी वापरत नसे. मुंग्या, कोळी, शेणकिडे असल्या मंडळींवर मुलांसाठी पुस्तकं लिहायची आणि चित्रंही आपणच काढायची, हा त्यांचा उद्योग. शाळेतली पोरं त्यांना किडेबाई म्हणत. पोरांचं ऐकून संपादक म्हणू लागले आणि हळूहळू नवरासुद्धा. नव्या पुस्तकाचं नाव होतं 'पोटात पाय'. म्हणीतला टोमणा हे खरं तर निव्वळ शास्त्र आहे, गोगलगायीचं पोट हाच तिचा पाय, ही गोष्ट मुलांना सांगायला बाई अगदी उतावीळ झाल्या होत्या.

"विक्रीप्रमुख म्हणतात, चिकट प्राणी खपत नाही," संपादक सांगत होते. "हसू द्या, पापण्या द्या, जमलं तर एक टोपी. उद्या सकाळी सगळी चित्रं घेऊन या. जमत नसेल तर तसं सांगा, आपण ससा घेऊ."

"ससा!" म्हणून किडेबाईंनी फोन आपटला.

वाद घालून उपयोग नव्हता. असं एक चित्र काढायचं की ते बघून माणसानं हसूबिसू विसरून जावं, असं त्यांनी ठरवलं. काचेवरून चालणारी गोगलगाय, खालून पाहिलेली! त्यांनी परसातली एक ओली कुंडी उचलली. कुंडीखाली एक टपोरी गोगलगाय चिकटून बसली होती. बाईंनी तिला जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवलं आणि कागद-पेन्सिल घेऊन त्या टेबलाखाली उताण्या पडल्या. गोगलगायीनं ताबडतोब अंग शंखात ओढून घेतलं.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तर टेबलाखालून बायकोचे पाय बाहेर आलेले.

"अगं! काय झालं? चक्कर आली का?"

"हळू बोल. ती घाबरेल."

"कोण ती?"

"वर बघ."

नवऱ्यानं बघितलं. "ही तर माझी बसायची जागा आहे."

"आज ओट्यापाशी उभा राहून जेव."

गडबड ऐकून सासूबाई आल्या. काचेवरचा प्रकार पाहून आल्या पावली परत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या. "सरक गं जरा. चिमूटभर टाकलं की काम होतं."

"आई, मीठ नको!" किडेबाई अशा उसळल्या की टेबलावर कपाळ आपटलं. गोगलगायीनं एक शिंग नुकतंच बाहेर काढलं होतं, तेही आत गेलं. "मिठानं तिच्या अंगातलं पाणी निघून जातं. मरेल ती!"

"त्यासाठीच टाकतात, बाई."

किडेबाईंनी बरणी काढून घेतली आणि रंगांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जेवताना पहिल्याच घासाला नवऱ्याचं तोंड वाकडं झालं. "हे असं अळणी का?"

"बायकोला विचार," सासूबाई म्हणाल्या. "मीठ जप्त झालंय."

किडेबाई मात्र काकडीची चकती काचेवर ठेवून पुन्हा खाली जाऊन पडल्या होत्या. त्या हट्टाला पेटल्या की हलत नसत. गोगलगायही तशीच. पण शेवटी काकडीपुढे तिनंच हार मानली. आधी लांब शिंगं आली, मग आखूड, मग इवलंसं तोंड, आणि मग सगळं पोट काचेवर पसरून ती चालू लागली. बाईंचा हात कागदावर धावत सुटला. चित्र असं उतरलं की गुडघ्यांच्या नावानं कण्हत सासूबाईसुद्धा टेबलाखाली वाकल्या.

"अगंबाई, हिला तर दातही आहेत वाटतं! कशी कुरतडतेय बघ!"

मग बाईंनी गोगलगायीला काचेच्या बरणीत ठेवलं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, आणि शेजारीच रंगवलेली सगळी चित्रं वाळत घातली.

सकाळी घाईघाईत, न बघताच चित्रं गोळा करून, फोल्डर बांधून झाल्यावर त्यांचं लक्ष बरणीकडे गेलं. बरणी रिकामी होती.

"फडकं कुणी सोडलं?"

सासूबाई छताकडे बघू लागल्या. "काकडी सुकली होती. मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं? बदलली. पुन्हा बांधणारच होते, तेवढ्यात दूध उतू गेलं."

"कुणी पाय उचलू नका!" किडेबाई ओरडल्या. एक मोजा घातलेला नवरा होता तिथेच थिजला.

"अगं, मला ऑफिस आहे!"

"मग पाय घासत जा."

नवरा फरशीवरून सरपटत दारापर्यंत गेला. सासूबाई खुर्चीवर पाय घेऊन बसल्या. कपाटं, चपला, चादरी, सगळं झटकून झालं, पण गोगलगायीचा पत्ता नव्हता. अखेर वेळ टळायला लागली तसं फोल्डर काखेत मारून बाई निघाल्या.

संपादकांच्या खोलीत त्यांनी ऐटीत फोल्डर उघडलं. सगळ्यात वर कालचं चित्र होतं. त्याला एक ओबडधोबड भोक पडलं होतं, आणि भोकाच्या काठावर गोगलगाय तृप्त होऊन बसली होती.

संपादकांची खुर्ची मागच्या भिंतीला जाऊन थडकली. "हे काय!"

"गोगलगायी कागद खातात," बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"नेमकं तोंडच खाल्लंय. म्हणजे हसू काढायचाही प्रश्न मिटला." संपादकांनी फोनकडे हात नेला. "ससाच घेऊ."

किडेबाईंनी फोनवर तळहात ठेवला. दुसऱ्या हातानं गोगलगाय उचलली आणि संपादकांच्या काचेच्या टेबलावर ठेवली. "खाली या."

"कुठं?"

"टेबलाखाली. चित्र गेलं, आता खरीच दाखवते. बघून झालं की ससा घ्या, नाहीतर हरीण घ्या, मी हूं की चूं करणार नाही."

संपादकांनी आपल्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. ही बाई तासभर बोलत राहणार, त्यापेक्षा फरशी बरी, असा हिशोब करून ते आडवे झाले.

"बाहेर येत नाहीये."

"धीर धरा."

 बऱ्याच वेळानं टेबलाखालून ऑफिसात कुणी कधी न ऐकलेला आवाज आला. "आली! चार शिंगं आहेत हो! आणि लांब शिंगांच्या टोकाला डोळे! बाई, हिच्या पोटावरून लाटा जातायत! हसूबिसू काही नको, टोपी गेली खड्ड्यात. पुस्तक असंच निघेल."

किडेबाईंना भरून आलं. इतकी वर्षं भांडल्याचं आज सार्थक झालं.

संपादक खालून निघाले, पण उठले नाहीत. गुडघ्यांवर बसून, खणातलं भिंग डोळ्याला लावून टेबलाभोवती फिरत राहिले. "कुशीला हे उघडमिट करतंय ते काय?"

"श्वासाचं भोक."

"ते उजव्या कुशीलाच आहे. डावीकडे नाही." त्यांनी बाकीची चित्रं पुढ्यात ओढली. "इथं ती डावीकडे चाललीये, म्हणजे दिसतेय डावी कूस. तरी भोक आहे. इथंही आहे. इथंही!"

किडेबाईंनी चित्रांवर वाकून पाहिलं. तिला डावीकडे वळवायचं म्हणून त्यांनी आपलंच चित्र उलटं करून गिरवलं होतं, भोकासकट.

"मुलांच्या कुठं लक्षात येणार?" त्या म्हणून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

 संपादक भिंगातून नुसतं त्यांच्याकडे बघत राहिले.

"पुन्हा काढते," बाई पडेल आवाजात म्हणाल्या. "हिला घरी नेते."

"ही इथंच राहील. मला प्रत्येक चित्र पडताळून बघायचंय. सुरुवात त्या खाल्लेल्या चित्रापासून करा. चला, खाली."

थोड्या वेळानं विक्रीप्रमुखांनी दार उघडलं. टोपी लाल काढली की निळी, ते विचारायला आले होते. टेबलाखालून चार पाय बाहेर आलेले पाहून ते उंबऱ्यातच थबकले.

"आत या," संपादक खालून कुजबुजले. "बूट बाहेर काढा, आणि जरा हळू. ती आत्ताच बाहेर आलीये."