लक्ष्मीकांतांचा अॅम्प्लिफायर आणि आमचं रायपूर

आवाजाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही! गर्वानं नाही सांगत, पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका म्हणून सांगते. पाठमोरी उभी असताना ताटली पडली, तरी ती स्टीलची की पितळेची आणि कुणाच्या हातून पडली, हे मी सांगू शकते. (सासूबाईंच्या हातून पडली असेल, तर ती 'आपोआप' पडलेली असते.) म्हणून जुना बास अॅम्प्लिफायर घ्यायची वेळ आली तेव्हा मी विश्वासरावांना म्हटलं, "तुम्ही फक्त वाजवा. खरेदी माझ्यावर सोडा!"

विश्वासराव मोहिते म्हणजे आमचे हे. दिवसा टपाल खात्यात, आणि रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या वाद्यवृंदात बास गिटारवर. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी गिटार. अॅम्प्लिफायर नसेल तर ती डासाइतकीही ऐकू येत नाही. ह्यांचा जुना अॅम्प्लिफायर ऐन गणपतीत धूर सोडून कायमचा शांत झाला. तेव्हापासून हे स्टेजवर मागे उभे राहून मन लावून तारा छेडायचे आणि लोकांना वाटायचं, मोहित्यांना खाज सुटली आहे.

त्यात वाद्यवृंदाचे प्रमुख कृष्णराव यांनी जावयाला नवा कीबोर्ड घेऊन दिला. जावई उजव्या हातानं गाणं वाजवायचा आणि डावा हात रिकामा आहे म्हणून त्या हातानं बास!

"विश्वास, आता बास कीबोर्डवरच निघतो रे," कृष्णराव म्हणाले. "दसऱ्याचा कार्यक्रम होऊ दे, मग ठरवू."

हे घरी आले आणि ताटावरून अर्धपोटी उठले. तरुणपणापासून एकच गोष्ट जीव लावून केलेला माणूस. दसऱ्याला ह्यांचा बास ऐकू गेला नाही तर ह्यांची जागा त्या डाव्या हाताला मिळणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तो काळ राज्याच्या वाटणीचा. नोव्हेंबरात मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं होणार होतं आणि सरकारी माणसांची दोन्हीकडे विभागणी चालली होती. आमच्या ग्वाल्हेरात लोक नमस्कार करायचं विसरले होते. समोर माणूस आला की पहिला प्रश्न, "काय हो, लिस्टमध्ये नाव आलं का?" ज्यांचं आलं ते घरातलं सामान विकत होते. कूलर, सोफे, सायकली! ह्यांचं खातं केंद्राचं, त्यामुळे ह्यांना धोका नव्हता. माझं कॉलेज मात्र राज्य सरकारचं. पण माझं नाव अजून कुठल्याच यादीत नव्हतं.

पाटबंधारे खात्यातले लक्ष्मीकांत यांचं नाव मात्र आलं होतं, थेट रायपूरला. ते एके काळी कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. त्यांचा अॅम्प्लिफायर विकायला काढलाय असं कळलं आणि आम्ही गोरखीजवळच्या त्यांच्या घरी पोचलो. घर सगळं बांधून झालेलं. ट्रंका, पिंपं, पोत्यात शिवलेली भांडी. मधोमध तो काळा खोका उभा! उंची माझ्या कमरेइतकी. पुढे मोठा स्पीकर, खाली हवा खेळायला वाटीएवढं भोक, वर बटणांची रांग.

ह्यांनी आपली गिटार जोडून सगळ्यात जाड तार छेडली. असा गोल, भरदार आवाज निघाला की माझ्या पायाखालची फरशीसुद्धा मन लावून ऐकू लागली. मागून मात्र एक बारीक 'खर्रर्र' आली.

"ही तुमची भांडी," मी हसून म्हटलं. "अनुनाद! खालचा सूर लागला की आसपासच्या वस्तू थरथरतात."

लक्ष्मीकांत आदरानं बघत राहिले. "मान गए, वहिनी! इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं."

भाव त्यांनी स्वतःहून कमी केला. "वाजवणाऱ्याच्या घरी जातोय, मला अजून काय पाहिजे?" असं म्हणून रिक्षापर्यंत उचलूनही दिला. इतका भला माणूस! त्यांचं रायपूर सुखाचं होवो, अशी मी तिथल्या तिथे मनोमन प्रार्थना केली.

घरी आणल्यावर मी बटणं जुळवायला बसले. खोका भिंतीपासून थोडा पुढे घेतला, बास जरा वर, मधले सूर बेताचे, ट्रेबल म्हणजे वरचे सूर खाली. आवाज सुरेख लागला. आणि खर्रर्र!

"आता आपली भांडी," मी जाहीर केलं.

मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरुवात केली. हे एकेक सूर वाजवणार, मी खर्रर्र शोधणार, आणि जे थरथरतंय असं वाटेल ते गप्प करणार. मांडणीतली भांडी उतरवून चादरीत बांधली. खर्रर्र! शोकेसमधले कप वर्तमानपत्रात गुंडाळले. खर्रर्र! पूर्वजांच्या तसबिरी भिंतीवरून काढून गादीत ठेवल्या. मोहित्यांची पिढीजात तलवार माझ्या दोन पातळांत गुंडाळली.

"तलवारीला पातळ नेसवलंस?" सासूबाई कळवळल्या. "पानिपतावरून आलेली आहे ती!"

"आई, दसऱ्यापर्यंतच. तुमच्या विश्वासच्या बाससाठी."

तरी खर्रर्र! मग मी दाल बाजारात जाऊन रिकामी पोती आणि सुतळीचा गुंडा घेऊन आले. जाड पोतं भिंतीला टांगलं की आवाज शोषून घेतं. पोती डोक्यावर घेतलेल्या रिक्षावाल्याबरोबर मी घरात शिरत होते, तेवढ्यात शेजारच्या मंदाताई दारात आल्या. त्यांनी मोकळ्या भिंती पाहिल्या, गाठोडी पाहिली, गादीत झोपवलेले पूर्वज पाहिले.

"अगं बाई! सुरू पण केलंत?"

"हो ना," मी सुतळी मोजत म्हटलं. "दसऱ्याच्या आत उरकायला हवं."

"इतक्या लवकर! आणि सासूबाई? या वयात?"

"त्रास होतोय त्यांना, पण काय करणार?"

"विश्वासराव काय म्हणतात?"

"ते बिचारे काय म्हणणार? आतल्या खोलीत बसलेत."

मंदाताईंनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, पोत्यांची धूळ गेली असेल. मी त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी त्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "राहू दे जवळ. तिकडे असं मिळत नाही." तिकडे म्हणजे कुठे, हे मला कळलं नाही, पण लोणचं उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी समोरच्या कुसुमताईंकडून चकल्या आल्या. गल्लीच्या टोकाच्या घरातून बेसनाचे लाडू आले. दूधवाल्यानं दूध वाढवून दिलं आणि वर म्हणाला, "बहनजी, याद रखना." मला गहिवरून आलं. दसरा जवळ आला की माणसं किती प्रेमळ होतात! एक अनोळखी जोडपं येऊन आमचं स्वयंपाकघर पाहून गेलं, ओटा लहान आहे म्हणालं, तेव्हासुद्धा मी त्यांना चहा पाजला.

मग एका सकाळी कृष्णराव आले. आल्या आल्या त्यांनी ह्यांना मिठी मारली.

"कळलं मला. रायपूर!"

"कुणाचं रायपूर?" हे दचकले.

"अरे, आता लपवतोस काय? सारं घर बांधलेलं दिसतंय!" कृष्णराव गाठोड्यावर बसले. आतले कप करकरले. "खरं सांगू विश्वास? फार मोठा बोजा उतरला. तुला वाद्यवृंदातून काढायचं कसं, या विचारानं मला झोप नव्हती. देवानंच मार्ग काढला! जावयाला सांगून ठेवलंय, पुढचं सगळं तो बघेल."

मी तोंड उघडलं. "कृष्णराव, एक मिनिट. वस्तुस्थिती अशी आहे की..."

"वहिनी, बोलू नका, मला रडू येईल. दसऱ्याला विश्वासला अगदी पुढे उभं करणार. आवाज पूर्ण! शेवटचं वाजवणं झोकात झालं पाहिजे. मग निरोपाची शाल."

ते गेले. आम्ही दोघं गाठोड्यांकडे बघत बसलो. लोणचं, चकल्या, लाडू, स्वयंपाकघर पाहून गेलेलं जोडपं, सगळ्याचा उलगडा झाला.

"मी आत्ता जाऊन सांगते!" मी चपला घातल्या.

"थांब," हे म्हणाले. "सांगितलंस तर मला दसऱ्याआधीच काढतील. नाही सांगितलं, तर निदान एकदा पुढे उभा राहून वाजवीन. आवाज पूर्ण म्हणाले ना ते?"

ह्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी चपला काढल्या. असत्य मी बोलले नाही. माहिती फक्त अपूर्ण ठेवली.

दसऱ्याच्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात आमचा अख्खा लष्कर मोहल्ला लोटला होता. लोक एकमेकांना सोनं देत होते आणि आम्हाला जरा जास्तच देत होते. खर्रर्र अजून गेलेली नव्हती! पोती टांगली, तसबिरी झोपवल्या, तरी ती तशीच. आता सभागृहाची दारं, खिडक्या, खुर्च्या, सगळं मी कुठल्या पातळात गुंडाळू?

अॅम्प्लिफायर उचलायला लक्ष्मीकांत स्वतः आले होते. "माझं लेकरू आहे ते," म्हणाले. त्यांनी खालून धरलं, ह्यांनी वरून. स्टेजच्या पायऱ्या चढताना खोका पुढे कलला आणि त्या वाटीएवढ्या भोकातून भसाभस तांदूळ सांडायला लागले!

हळद-कुंकू लावलेले तांदूळ. मागोमाग वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. मग टण टण करत सुपाऱ्या! पहिल्या रांगेत बसलेल्या आजीबाईंच्या डोक्यावर अक्षता पडल्या, तशी सवयीनं त्यांनी हात जोडले. त्यांचं बघून सगळ्या रांगेनं जोडले.

"अरे, या तर आईच्या अक्षता!" लक्ष्मीकांत ओरडले.

खंडेनवमीला ज्याची जी हत्यारं त्यांची पूजा होते. लक्ष्मीकांतांच्या घरी तलवार नव्हती, म्हणून त्यांच्या आई दर वर्षी अॅम्प्लिफायर पुजायच्या. "ते भोक आहे ना, आई म्हणायची हे याचं तोंड. आम्ही जेवायचं आणि यानं उपाशी राहायचं का? मग दोन अक्षता आत, एक सुपारी आत."

"तुम्हाला ती खर्रर्र कधी ऐकू आली नाही?" मी विचारलं.

"आली की! आम्हाला वाटायचं, बास असाच असतो!"

"काल मीही घातल्या चार," सासूबाई मागून म्हणाल्या.

मी, ध्वनीची प्राध्यापिका, खाली बसून सुपाऱ्या गोळा करत होते.

आणि मग ह्यांनी तार छेडली. खर्रर्र नाही! मी जुळवलेली बटणं जिथल्या तिथे होती आणि सूर असा निघाला, की तो कानांआधी छातीला कळला. गाणी तीच होती, दर वर्षीची. पण या वेळी त्यांच्या पायाखाली जमीन होती. लोकांचे पाय आपोआप ठेका धरायला लागले. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "इतकी वर्षं हा हे वाजवत होता?" लक्ष्मीकांतांच्या आईच्या अक्षतांचे आभार मानावेत की त्या सांडल्याचे, ते मला कळेना.

शेवटच्या गाण्याच्या मध्यावर कृष्णरावांनी ह्यांना शालीसाठी पुढे बोलावलं आणि जावयाला खूण केली. डाव्या हाताचा बास सुरू झाला. मागच्या रांगेतून लगेच आरोळी आली, "अरे, लाइट गेली का?"

"स्पीकर बंद पड गया!" दुसरा ओरडला.

जावई लाल झाला. कृष्णराव शाल हातात धरून थबकले. माइक चालूच होता. "लोकहो," ते म्हणाले, "चुकलंच माझं. माणूस निघाला तेव्हा त्याची किंमत कळतेय. विश्वास, तू इथे राहणार असतास ना, तर ही जागा मी कुणालाही दिली नसती. जावयालाही नाही!"

टाळ्या पडल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गाबाहेर मी चार माणसांत कधी बोलत नाही. पण मी उठून उभी राहिले.

"मग आम्ही जात नाही," मी म्हटलं.

मग सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी! "रद्द! मॅडमनी रायपूर रद्द केलं!" कृष्णरावांनी शाल माझ्याच खांद्यावर टाकली. मंदाताईंनी मला मिठी मारली. "अहो, ऑर्डर आलीच नव्हती," मी ओरडून सांगत होते, "खर्ररीमुळे भांडी बांधली होती!" पण त्या टाळ्यांत वस्तुस्थिती कुणाला ऐकू जाणार?

ह्यांची जागा कायम राहिली. मी कृष्णरावांची, त्या अख्ख्या गल्लीची, अगदी जावयाच्या डाव्या हाताचीही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर रांग! कुणी मिठाई घेऊन, कुणी अर्ज घेऊन. भोपाळमध्ये मोहिते मॅडमची वरपर्यंत पोच आहे, नुसतं उभं राहून बदली रद्द करतात, अशी बातमी नई सडकपर्यंत गेली होती.

रांगेत सगळ्यात पुढे लक्ष्मीकांत.

"वहिनी, माझंही बघा ना रायपूरचं! तुम्हाला काय अवघड आहे?" ते हात जोडून म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "आणि काल ऐकल्यापासून माझा जीव नुसता कासावीस झालाय. रद्द झालं, तर तो अॅम्प्लिफायर मला परत द्याल ना?"

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ देवापुढे एकच मागणं मागते. लक्ष्मीकांतांना रायपूर लाभो, तिथे प्रशस्त घर मिळो, घसघशीत बढती मिळो, आणि हे सगळं जरा लवकर मिळो!