पलीकडचा धूर

जुना पूल कापला जात होता तेव्हा सेवेरिनो हिलारियाच्या घरात उकडलेला बटाटा सोलत बसला होता, आणि त्याचं स्वतःचं घर होतं नदीच्या दुसऱ्या काठावर.

तसा तो दोरीसाठी आला होता. गवताचा पूल दर वर्षी नवा बांधायचा, त्यासाठी घरटी एक दोरी द्यायची, आणि ती वळायची घरातल्या बाईने. बायको गेल्यापासून सेवेरिनो स्वतःच वळायचा. गेल्या वर्षी पूलमास्तर लेओनार्दोने त्याची दोरी सगळ्यांसमोर वर धरून विचारलं होतं, "दादा, ही दोरी आहे की लामाची शेपटी?" म्हणून यंदा गवताचा भारा खांद्यावर टाकून तो सकाळीच पूल ओलांडून हिलारियाकडे आला. अर्थात भारा हे निमित्त होतं. त्याला तिला एक गोष्ट विचारायची होती.

हिलारिया मूळची त्याच्याच काठची. मेंढरं राखताना दोघं एकाच दगडावर बसत. मग तिला पलीकडे दिली, ह्याचंही लग्न झालं, दोघांचे संसार झाले, आणि आता दोघंही एकेकटी उरली होती. रोज पहाटे सेवेरिनो दारात उभा राहून दरीपलीकडे तिच्या छपरातून निघणारा धूर बघायचा. धूर दिसला की त्याला बरं वाटायचं, आणि लगेच फार वाईटही वाटायचं. इतक्या वर्षांत त्याचा प्रश्न मात्र जिभेवरून पुढे सरकला नव्हता.

त्या दिवशीही तेच झालं. हिलारियाने गवत भिजवलं, दगडाने ठेचलं आणि तळहातांत घोळवून असा पीळ भरला की सेवेरिनो बघतच राहिला.

"हिलारिया, मी काय म्हणत होतो..."

"काय?"

"बटाटे छान शिजलेत."

"मग घे अजून," असं म्हणून ती चरायला सोडलेला लामा कुठे गेला ते बघायला बाहेर गेली.

पूल कापण्याआधी एका काठाने दुसऱ्या काठाला हाक द्यायची रीत आहे: "आमचं कुणी राहिलंय का तिकडे?" काम चालू असताना बायकांनी पुलाजवळ यायचं नसतं, त्या चढावर बसतात आणि तिथूनच उत्तर देतात. हाक झाली. "कुणी नाही!" असं उत्तर आलं. कोयते चालले आणि वर्षभराचा थकलेला पूल अपुरिमाक नदीच्या पाण्यात कोसळला. सेवेरिनो तोंड पुसत काठावर पोचला तेव्हा दरीत नुसता वारा होता.

"दादा!" पलीकडून लेओनार्दो ओरडला. "तुम्ही तिकडे काय करताय?"

"राहिलो!"

"मग लोखंडी पुलावरून या की!"

कारण वरच्या अंगाला लोखंडी पूल होता. त्यावरून ट्रक जात, मेंढरं जात, लेओनार्दोची सासूदेखील जाई.

"माझा गुडघा!" सेवेरिनो ओरडला.

"ट्रकात बसा!"

सेवेरिनोला घाम फुटला. घाबरलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. "नाही चालणार! रीत आहे! पूल पडताना जो ज्या काठाला राहिला, त्याने नव्या पुलावरूनच परतायचं. नाहीतर पूल रुसतो!"

असली रीत कुणी बापजन्मात ऐकली नव्हती. सगळ्यांनी उबाल्दोबाबाकडे पाहिलं. धरणीला नैवेद्य दाखवायचा मान बाबाचा. सकाळपासून तो मक्याची दारू थेंबभर धरणीला आणि वाटीभर स्वतःला देत होता. रीत ठाऊक नाही म्हणावं तर अब्रू जाते.

"माझे आजोबा म्हणायचे खरं असं काहीतरी," बाबा डोळे मिटून म्हणाला. झालं, रीत पक्की झाली.

आणि तिचा पहिला फटका बसला लेओनार्दोलाच. हिलारियाच्या काठची त्याची सासू सणाला त्याच्याकडे आली होती, ती त्याच दुपारी निघणार होती. तिने बांधलेलं गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "रीत म्हणजे रीत, जावईबापू. रश्शात मीठ कमी आहे."

दुसऱ्या दिवशी जाड दोर ताणायचे होते. एका काठाने इकडे ओढायचं, दुसऱ्याने तिकडे. उभा जन्म आपल्या काठासाठी ओढलेला सेवेरिनो आता समोरच्यांत उभा राहून ओढू लागला.

"फितूर!" त्याच्याच काठची माणसं ओरडली.

"अरे, पाय तिकडे आहेत का माझे?" तो ओरडला आणि त्याने असा हिसका दिला की पलीकडे लेओनार्दो तोंडावर आपटला. चढावर हिलारिया खळखळून हसली. ते हसू त्याने मेंढरं राखतानाच्या त्या दगडावर शेवटचं ऐकलं होतं.

मग विणकाम सुरू झालं. दोन्ही काठांचे विणकर मधोमध भेटणार होते. पूल पुरा झाला की घरी जायचं, आणि पूल तर तो स्वतःच विणत होता! तो बांधलेली गाठ सोडायचा आणि म्हणायचा, "ही सैल वाटते."

"दादा, देवासाठी हात चालवा!" पलीकडून लेओनार्दो कळवळून ओरडायचा. "सासूबाईंनी आता चूलही हलवली!"

संध्याकाळी हिलारिया त्याला वाढायची. तो म्हणायचा, "मी काय म्हणत होतो..." आणि पुन्हा बटाट्यांचं कौतुक करायचा.

शेवटी विणकर मधोमध भेटलेच. ढोल वाजले. लेओनार्दोची सासू गाठोडं घेऊन डुलत डुलत अलीकडे आली, आणि पलीकडे लेओनार्दोने टोपी हवेत उडवली.

आता बायकांनाही पुलाशी यायची मुभा होती. हिलारिया सेवेरिनोच्या शेजारी येऊन उभी राहिली. "जा आता," ती खाली बघत म्हणाली.

"जातो." पण त्याचा पाय उचलेना. "त्या दिवशी हाक आली होती ना, तेव्हा 'कुणी नाही' तूच म्हणालीस."

तिचे कान लाल झाले. "तू तर आत बटाटे खात होतास!"

"बटाटा तोंडात होता गं, कानात नव्हता."

"मेल्या! मग ओरडला का नाहीस?"

सेवेरिनोने पलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं तुझ्या चुलीचा धूर लांबून बघितला. त्या दिवशी पहिल्यांदा तो डोळ्यांत गेला. कसा ओरडू?"

हिलारियाने शालीच्या पदराने डोळे पुसले. तिच्या डोळ्यांत कुठला धूर गेला होता, कोण जाणे.

तेवढ्यात पलीकडून लेओनार्दोचा वैतागलेला आवाज आला, "ए, आमचं कुणी राहिलंय का तिकडे?"

हिलारियाने सेवेरिनोकडे पाहिलं. सेवेरिनोने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"कुणी नाही!"